दादाच्या नावाचं शिबिर

अळशीची चटणी मला आजही घशाखाली उतरत नाही. चांगली असते, मान्य. माझ्या सासूबाई करतात तशी तर कुणी करत नाही, आणि लग्नानंतर पहिली दोन वर्षं त्या बिचाऱ्या समजत होत्या की सूनबाई आपल्या हाताला नावं ठेवते. शेवटी एकदा बसवून सांगितलं त्यांना. म्हटलं, आई, एके काळी आमच्या घरी सहा महिने दुसरी चटणी नव्हती. रोज सकाळी अर्जुनाच्या सालीचा काढा उकळायचा, लसणाच्या दोन पाकळ्या कच्च्या चावायच्या, भाजीत तेल थेंबभर, आणि या सगळ्याची घरात एकालाही गरज नव्हती. आमच्यापैकी कुणालाही हृदयाचं दुखणं नव्हतं. आम्ही लोकांना तसं सांगितलं होतं, एवढंच.

दादा गेला तेव्हा मी अकरावीत होते. निखिल त्याचं नाव, बावीस वर्षांचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यानं आत्महत्या केली. कशी आणि कुठे ते मी लिहिणार नाही. ते वाचून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. बाबा बँकेत अधिकारी, नागपूरहून बदली होऊन कलकत्त्याला आलो त्याला आठ वर्षं झाली होती. बालीगंजला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मागच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसायचे आणि लोकल गेली की मांडणीवरच्या ताटल्या हलकेच किणकिणायच्या. पाहुणे दचकायचे, आम्हाला ऐकूही यायचं नाही. संध्याकाळी खालच्या दत्तबाबूंकडे शंख वाजायचा, तो वाजला की आई गॅसवर कुकर चढवायची. घड्याळापेक्षा तिचा त्या शंखावर जास्त विश्वास होता. दादा त्या घरात सगळ्यात मोठ्यानं बोलायचा. बंगाली त्याला माझ्यापेक्षा चांगलं यायचं, मासेवाल्याशी तो अर्धा तास भांडू शकायचा, आणि आम्ही तर मासे खातही नव्हतो! नुसता भाव करून परत यायचा. आईच्या हातच्या पुडाच्या वड्या एका बैठकीला आठ खायचा आणि गोळाभातावर कढत फोडणीचं तेल घेताना "अजून, अजून" करत वाटी पुढे धरायचा. शेवटच्या चार महिन्यांत तो मोठ्यानं बोलत नव्हता, हे मात्र आमच्या ध्यानात आलं नाही. न्यू टाउनला एका कंपनीत नोकरी लागली होती, सकाळी सातला बाहेर पडायचा, येईपर्यंत दमून जायचा. दमलाय, असंच आम्ही एकमेकांना सांगत राहिलो.

त्या संध्याकाळी पोलीस येऊन गेले, दत्तबाबू सगळीकडे बाबांच्या बरोबर धावले, आणि मग घरात बाबा फोनजवळ जाऊन बसले. कुणाला तरी कळवायला हवं होतं. पहिला फोन नागपूरला मोठ्या काकांना जायला हवा, पण काकांची बायपास होऊन चारच महिने झाले होते. डॉक्टरांनी त्यांना धक्का बसेल असं काही सांगू नका म्हणून बजावलं होतं. बाबांनी फोन हातात धरला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "काय सांगू?"  आई ऐकण्याच्याही अवस्थेत नव्हती. बाबांनी मग नागपूर सोडून इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी सरपोतदारकाका यांचा नंबर लावला आणि म्हणाले, "निखिल गेला हो. हार्ट." चार महिने आमच्या घरात दुसरं काही बोललं जात नव्हतं. ब्लॉकेज, बायपास, भाऊंचे, म्हणजे मोठ्या काकांचे, रिपोर्ट. तोच शब्द त्यांच्या जिभेवर होता. एकदा सरपोतदारांना सांगितल्यावर मग नागपूरलाही तेच सांगितलं गेलं, काकूंमार्फत, बेताबेतानं. काकांना प्रवासाची बंदी होती, ते आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बाबांनी मला समोर बसवलं. "मनू, कुणी विचारलं तर सांगायचं, दुपारी छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं. एवढंच. जास्त काही बोलायचं नाही." मी मान डोलावली. परीक्षेच्या उत्तरासारखं पाठ केलं, छाती, घाम, हॉस्पिटल. बाबांचा राग मला पुष्कळ वर्षं यायचा या गोष्टीसाठी. आता माझी मुलगी नववीत आहे, आता तेवढा येत नाही. त्या माणसाला आपल्या पोराची आणि आमची अब्रू झाकायची होती, हाताला जे फडकं लागलं ते त्यानं ओढलं.

गंमत अशी, की खरं सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. पोलिसांची गाडी दाराशी उभी होती, लपणार काय? दत्तबाबूंची बायको, आम्ही तिला माशीमा म्हणायचो, जिन्यात भेटली की माझ्या डोक्यावर हात ठेवून बंगालीत विचारायची, "झोपलीस का रात्री? त्यानं काही लिहून ठेवलं नाही ना? बरं झालं, नाहीतर तेच वाचत बसली असतीस." सरळ, तोंडावर. मला तिच्यासमोर खोटं बोलावं लागत नव्हतं. पण ती सगळी बंगाली माणसं, आणि मंडळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. या दोन जगांची गाठ कधी पडायचीच नाही. म्हणजे दादाचं खरं जे काही होतं ते जिन्यात बंगालीत राहायचं, आणि दार उघडून घरात आलं की मराठीत हार्ट अटॅक. आपल्याच भाषेत आपल्या भावाबद्दल मी एक खरं वाक्य बोलू शकत नव्हते. घरातसुद्धा नाही. आम्ही तिघं एकमेकांशीही तसंच बोलायला लागलो होतो, "त्याला ते झालं तेव्हा", "त्या अटॅकच्या आधी". भिंतींना सवय व्हावी म्हणून की काय, देव जाणे.

आणि खोट्याचं एक असतं, ते पाळावं लागतं. मंडळाची माणसं समाचाराला यायची, दर रविवारी कुणी ना कुणी, कारण परमुलखात आपल्या माणसाला एकटं सोडायचं नाही असा त्यांचा बाणा. त्यांच्या प्रेमाबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण प्रत्येक जण औषध घेऊन यायचा. "घराण्यातच आहे म्हणजे!" सरपोतदारकाका म्हणाले. "वडिलांना होतं, भावाला आहे, आता मुलाला. अहो, तुम्ही स्वतःला जपा आता." ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले, धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, सगळ्या कलकत्त्यातल्या मराठी माणसांची कुंडली त्यांना पाठ. त्यांनीच अर्जुनाची साल आणून दिली. सरपोतदारकाकूंनी अळशीची चटणी, बरणी भरून, आणि संपली की आधीच दुसरी. कुणीतरी सांगितलं, तळण बंद. आईनं कढई माळ्यावर टाकली. कुणी अचानक आलं आणि स्वयंपाकघरात वड्या तळलेल्या दिसल्या तर? लोक म्हणतील, मुलगा गेला तरी यांना अक्कल नाही आली. बाबा रोज सकाळी तो काढा तोंड वाकडं करून प्यायचे, घरात कुणी बघायला नसतानाही. एकदा मी म्हटलं, "बाबा, कशाला पिताय? ओता ना मोरीत." ते म्हणाले, "सवय राहू दे." मी हसले आणि मग मलाच माझी भीती वाटली.

भीती दुसरीच होती खरं तर. मंडळात कुणी विचारलं की मी पाठ केलेलं सांगायची, पण माणसं तेवढ्यावर थांबत नाहीत. "आधी काहीच जाणवलं नाही का ग?" असं एका मावशींनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डावा हात दुखतोय म्हणाला होता." कुठून आलं कोण जाणे. पण बोलले, आणि ते बसलं. पुढच्या वेळी मी तेही सांगितलं. मग हळूहळू मला ते दिसायलाच लागलं. दादा खुर्चीत बसलाय, डावा हात चोळतोय. आणि त्या दिवशी सकाळी खरं काय झालं होतं ते आठवायला गेले की मध्ये तो हात चोळणारा दादा येऊन बसायचा. त्याचा खरा शेवटचा दिवस माझ्या डोक्यातून पुसला जात होता आणि त्याच्या जागी मी रचलेला येत होता. भाऊ तर गेलाच होता, आता जे काही उरलं होतं तेही मी माझ्या हातानं घालवत होते. सोळा वर्षांची होते मी. हे कुणाला सांगणार? बंगालीत सांगता आलं असतं, पण माशीमाला तो खोटा हात ठाऊकच नव्हता.

सहा महिने झाले आणि एका रविवारी सरपोतदारकाका एक कागदाची गुंडाळी घेऊन आले. चेहरा असा, की आता तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी आणलंय. गुंडाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. वर लिहिलं होतं, 'कै. निखिल यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ मोफत हृदय तपासणी शिबिर'. मंडळाच्या कार्यकारिणीनं ठरवलं होतं. डॉक्टर मिळाल्या होत्या, ईसीजीचं मशीन यायचं होतं, चाळीस नावं आली होती. "तरुण मुलं अशी जायला नकोत," काका म्हणाले, आणि त्यांचा तो मोठा आवाज मध्येच फाटला. "निखिल आमचाही होता हो. गणपतीत आरतीला झांजा कोण वाजवायचं? त्याच्या नावानं काहीतरी व्हायला हवं." आई उठून आत गेली. बाबा कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता नाही म्हणतील. ते म्हणाले, "फार चांगली कल्पना आहे." दुसरं काय म्हणणार होते? नाही म्हटलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं.

शिबिराच्या दिवशी आईनं पांढरी नाही, फिकट निळी साडी नेसली.  मंडळाचा हॉल म्हणजे एक लांबट खोली, एका बाजूला तंबोऱ्यांचं कपाट, दुसऱ्या बाजूला गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब उभे करून ठेवलेले. त्या खांबांना दोरी बांधून चादर टांगली होती आणि चादरीमागे एक कॉट आणि मशीन. स्पिरिटचा वास आणि उपम्याचा वास एकमेकांत मिसळलेला. दादाचा फोटो टेबलावर, मोगऱ्याचा हार घातलेला, आणि तो फोटो त्याच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे त्याचे डोळे जरा धूसर. माझं सगळं लक्ष त्या डोळ्यांकडे. काकांनी भाषण केलं. मग म्हणाले, "सुरुवात त्याच्या बहिणीपासून करू या. ये मनू, बाळ."

मला नाही म्हणता आलं नाही. चादरीमागे एका मुलीनं माझ्या मनगटांना आणि पायांना चिमटे लावले, छातीवर गार गार काहीतरी चोपडलं, सहा बटणं चिकटवली. चादरीपलीकडे, दोन हातांवर, डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर आई-बाबा. सगळं ऐकू येत होतं. बाई बंगाली, पन्नाशीच्या, आवाज शांत. मशीननं कागद बाहेर टाकला, मुलीनं तो नेऊन दिला. बाईंनी तो दोन्ही हातांत ताणून पाहिला. मग बाई म्हणाल्या, "ईसीजी ठीक है। लेकिन भाई का उमर बाईस था ना? पहले से कोई तकलीफ? पोस्टमॉर्टेम में क्या आया?"

"नहीं हुआ," बाबा म्हणाले. झालं होतं. होणारच, अशा वेळी होतंच.

"नहीं हुआ?" बाईंचा आवाज बदलला. "देखिए, बाईस साल का लड़का अचानक जाता है, और परिवार में भी है, तो ये छोटा बात नहीं है। भाई-बहन में ये आता है। एक ईसीजी से पता नहीं चलता।" मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. दवाखान्यात दोन दिवस ठेवावं लागेल, इको करावा लागेल, चोवीस तासांचं मशीन लावावं लागेल. तोपर्यंत धावायचं नाही, जिने चढायचे नाहीत, खेळायचं तर मुळीच नाही. आई-बाबांचीही तपासणी. आणि हे सगळं उद्याच, त्या म्हणाल्या, पुढे ढकलू नका. बाई बरोबरच होत्या. आम्ही जे सांगितलं होतं त्यावर कुठल्याही चांगल्या डॉक्टरनं हेच सांगितलं असतं.

मी चादरीमागे पडून होते, अंगाला वायरी लावलेल्या, आणि वाट बघत होते. बाबा आता काहीतरी बोलतील. बाबा म्हणाले, "ठीक है डॉक्टर. कल भरती कर देंगे." तेवढ्यात माझ्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. खांद्यापासून बोटांपर्यंत. खोटं नाही सांगत, खरोखर आल्या, आणि मला घाम फुटला. ते वाक्य मीच रचलं होतं, हात दुखण्याचं, आणि ते आता माझ्या अंगात शिरलं होतं. मला वाटलं, मी मरणार, दादासारखीच. मग वाटलं, पण दादा असा कुठे मेला? आणि पुढे काही आठवेना. मी ओरडले, "आई!"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई चादर बाजूला सारून आत आली, तिनं माझा हात धरला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हटलं, "आई, माझा हात दुखतोय." आईचा चेहरा मी आयुष्यात तसा पुन्हा पाहिला नाही. ती तशीच वळली, चादर हातात धरलेली, आणि डॉक्टरबाईंना तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "डॉक्टर, मेरे बेटे को हार्ट का कुछ नहीं था। उसने खुद अपनी जान ली।" आणि मग हॉलकडे तोंड करून, जणू हे भाषांतर करूनच द्यावं लागणार होतं, मराठीत, "माझ्या निखिलनं आत्महत्या केली. आम्ही सगळ्यांना खोटं सांगितलं. माझ्या मुलीला काही झालेलं नाही, तिला उद्या कुठे न्यायचं नाही."

 उपम्याच्या पातेल्यातला डाव सरकून आत पडला. बाबा खुर्चीत खाली मान घालून. सरपोतदारकाकांचं तोंड लालभडक झालं होतं. "अहो वहिनी, मग हे सगळं..." त्यांनी बॅनरकडे हात केला. "निदान आम्हाला तरी... आम्ही काय परके होतो?" त्यांना राग आला होता आणि तो खोटा नव्हता. सहा महिने त्यांनी साल पुरवली होती. काकूंनी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं, म्हणाल्या, "गप्प बसा हो." आणि त्या स्वतःच पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. काही जण उठून बाहेर गेले. ते पुन्हा आमच्याकडे कधी आले नाहीत, ती नावं मला आठवतात, पण लिहीत नाही. बाकीचे बसून राहिले.

डॉक्टरबाई आत आल्या. त्यांनी स्वतः माझ्या अंगावरची बटणं काढली, कापसानं ते गार पुसलं, आणि हळूच बंगालीत विचारलं, "हात कधीपासून दुखतोय?" मी सांगितलं, मघापासून. "आणि झोप?" मी म्हटलं, येत नाही. "जेवण?" मी म्हटलं, अळशी. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली आणि एका चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलं, हृदयाच्या डॉक्टरचं नाही. म्हणाल्या, "तिघांनी जायचं. तू एकटी नाही, तिघांनी." आम्ही गेलो पुढे, वर्षभर. बाबा नको म्हणायचे आणि दर वेळी सगळ्यात आधी चपला घालून तयार असायचे. शिबिर मात्र त्या दिवशी झालंच. एकदा मशीन आलंय म्हटल्यावर मराठी माणूस तपासून घेतल्याशिवाय घरी जात नाही. सरपोतदारकाकांचं प्रेशर फार वर निघालं, निघणारच.

घरी आल्यावर दार लावलं आणि बाबा म्हणाले, "सहा महिने मी एकट्यानं किल्ला लढवला. तू दोन मिनिटांत..."  आई म्हणाली, "लेकीला दवाखान्यात घालायला निघाला होतात, अहो! कुणाच्या अब्रूसाठी? जी गेलीच नव्हती तिच्यासाठी?" मी त्यांना असं भांडताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली नाही, बरं वाटलं. कुणीतरी खरं काहीतरी बोलत होतं. मग आई टेबलाशी बसली आणि एकदम म्हणाली, "माझ्यामुळे गेला तो. आठवडाभर डबा तसाच भरलेला परत आणत होता, आणि मी त्याला बोलले, की अन्नाचा माज आलाय तुला. डबा का परत येतोय ते विचारलं नाही. माज आलाय म्हणाले."  मी म्हटलं, "आई, माझ्यामुळे." आणि ती सकाळ आली, खरी, तो खुर्चीतला खोटा दादा बाजूला सरकला. दादा माझ्या खोलीच्या दारात उभा होता, हातात तेलाची बाटली. "मने, डोक्याला जरा तेल लावून देतेस?" आणि मी वहीतून मान वर न करता म्हटलं होतं, "हात तेलकट होतील, वही खराब होईल. संध्याकाळी." तो म्हणाला होता, "बरं." एवढंच. डावा हात नव्हता, छाती नव्हती. हातात बाटली होती आणि तो "बरं" म्हणाला होता.

आई म्हणाली, "तेलानं काय होणार होतं ग?" मी म्हटलं, "डब्यानं तरी काय होणार होतं?" बाबा टेबलावर नखानं रेघ ओढत होते. "मला त्यानं सांगितलं होतं, नोकरी नको वाटतेय," ते म्हणाले. "मी म्हटलं, सहा महिने काढ." आणि उठून गॅलरीत गेले. त्यांनी त्यापुढचं कधीच सांगितलं नाही, आणखी काहीतरी होतं हे मला माहीत आहे. ते आता नाहीत, त्यांचं त्यांच्याबरोबर गेलं. त्या चिठ्ठीवरच्या डॉक्टरांनी पुढे आम्हाला पुष्कळ समजावलं, की हे एका डब्यानं किंवा एका वाक्यानं होत नाही, तो आजारी होता, आणि तो आजार आम्हाला ओळखता आला नव्हता. मला पटायला फार वर्षं लागली. आईला पटलं असं ती म्हणते.

राहिलं होतं नागपूर. दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली. आईनं आधी काकूंना फोन करून सांगितलं, की दुपारी भाऊंच्या जवळच बसा, गोळी हाताशी ठेवा, आमचं काही बोलायचंय. बाबांना तेच भय होतं. म्हणत होते, ऐकून भाऊंना काही झालं तर मी ते कसं सोसू? तरी जेवणं झाल्यावर त्यांनी नंबर लावला. "भाऊ, निखिलचं... निखिलला जे..." तीनदा सुरुवात केली. मग फोन माझ्या हातात दिला आणि तिथेच, माझ्या पायाशी, जमिनीवर बसले.

"काका, मी मनू बोलतेय," मी म्हटलं. "दादाला हार्टचं काही नव्हतं. दादानं आत्महत्या केली. आम्ही तुमच्याशी खोटं बोललो."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.  काकूंचा आवाज आला, "अहो, ऐकताय ना? अहो?" मग काका बोलले, अगदी हळू.

"मने, म्हणजे ते माझ्याकडून आलेलं नव्हतं?"

"काय, काका?"

"हे दुखणं ग. आमच्या बाबांना होतं, मग मला. मला वाटलं, मी म्हातारा वाचलो आणि माझ्या वाटचं त्या पोरावर गेलं. सहा महिने रोज सकाळी गोळी तोंडात टाकतो तेव्हा वाटतं, ही त्याची होती. कुणाला बोललो नाही. तुझ्या काकूलासुद्धा नाही."

बाबांना ऐकू गेलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"नाही काका," मी म्हटलं. "तुमच्याकडून नाही आलं. अजिबात नाही."

काका रडायला लागले. मोठा, जाडजूड आवाज, आणि मध्ये काकू म्हणत होत्या, अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय, अहो, जपा. ते मध्येच "ठेवतो" म्हणाले.

"नका ठेवू, काका," मी म्हटलं. "रडा तुम्ही. मी आहे फोनवर."